झाकणाखालची फुली

चिमट्याला खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. बायको 'अहो' म्हणायची, सख्खा भाऊ बावीस वर्षं काहीच म्हणत नव्हता, आणि उरलेला सगळा बाजार त्याला चिमटा म्हणायचा. आधी पाठीमागे, मग सवयीनं तोंडावर. त्याच्या हातात सदानकदा बारीक टोकाचा चिमटा असायचा हे एक कारण. दुसरं कारण सांगायची गरज नव्हती; दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की ते ज्याचं त्याला कळायचं.

दुकान कॅमेरे दुरुस्तीचं. तेही एकाच मॉडेलचे. लोखंडी अंगाचा, बॅटरी नसलेला, रीळ घालायचा तो जुना जड कॅमेरा. बाजारात त्याला 'वीट' म्हणत, कारण गळ्यात अडकवला की मान आपोआप खाली जायची. कंपनीनं ते मॉडेल बंद करून चाळीस वर्षं होत आली होती. पण हौशी माणसं अजून विटा सांभाळून होती, आणि वीट अडली की दुसरं दारच नव्हतं. चिमट्याला हे पक्कं ठाऊक होतं. दुसरं दार नसलेल्या माणसाशी कसं बोलावं याचं त्याचं स्वतःचं शास्त्र होतं.

गिऱ्हाईक कॅमेरा काउंटरवर ठेवायचं. चिमटा तो कानाशी धरायचा, चाप दाबायचा, आणि त्या माणसानं घरी कुणालातरी उपाशी ठेवल्यासारखं त्याच्याकडे बघायचा.

"हा कुणी उघडला होता?"

"कुणीच नाही. म्हणजे, माझ्या मेहुण्यानं एकदा जरासा..."

"मेहुणा काय करतो?"

"विम्याच्या ऑफिसात आहे."

"तरीच. माणूस मेल्यावर पोचायची सवय."

एका रिटायर झालेल्या मास्तरांनी भीत भीत विचारलं होतं, "आता हा किती वर्षं चालेल?" चिमट्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "तुम्हाला पुरेल." मास्तर हसले. लोक हसायचेच. कारागीर जेवढा खवट तेवढा मोठा, अशी लोकांची समजूत असते, आणि चिमट्यानं ती कधी मोडू दिली नाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्यावर साठ-सत्तर विटा ओळीनं बसलेल्या; कुणाला भिंग नाही, कुणाला चाप नाही, कुणाचं पोट उघडं. चिमटा त्यांना 'मयत' म्हणायचा. नवे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं. एक वीट उठवायची तर दुसरीचं काळीज काढावं लागायचं. कुठल्या मयतात कुठली स्प्रिंग शिल्लक आहे हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं.

आणि दुकानात वही नव्हती. कुणाचं काम कुणी आणि कधी केलं, याची नोंद कॅमेऱ्याच्या पोटातच व्हायची. वरचं झाकण बसवायच्या आधी त्याच्या आतल्या पितळेवर सुईनं तारीख ओढायची आणि शेजारी आपली खूण. चिमट्याची खूण त्रिकोण. झाकण बसलं की ती खूण गिऱ्हाइकाला जन्मात दिसायची नाही. दिसली तर ते झाकण पुन्हा उघडणाऱ्या कारागिरालाच. चिमट्याचं ठरलेलं वाक्य होतं, "त्रिकोणाची वीट परत येत नाही." अडतीस वर्षं तो हे म्हणत आला होता.

दुसरी खूण होती फुली. ती धाकट्या भावाची.

धाकटा नऊ वर्षांनी लहान. अठराव्या वर्षी दादाच्या हाताखाली बसला. पहिली वीट त्यानं एकट्यानं जोडली तेव्हा सगळं जागच्या जागी बसलं, चाप वाजला, आणि बशीत एक स्क्रू उरला. कुठला ते काही केल्या सापडेना. चिमट्यानं तो स्क्रू उचलून आलेल्या-गेलेल्याला दाखवला. "आमच्याकडे दोन गोष्टी जादा आहेत," म्हणाला. "एक हा. आणि एक तो बसलाय तो." तेव्हापासून धाकट्याचं नाव पडलं जादा. त्यात पोरगं डावखुरं. टेबलावरचा दिवा चिमट्यानं उजव्या हाताच्या सोयीनं भिंतीत ठोकलेला, त्यामुळे जादाच्या कामावर कायम त्याच्याच हाताची सावली. "जरा सरळ हातानं काम कर," चिमटा म्हणायचा, "एक रेघ आयुष्यात सरळ आली नाही तुझी." तेरा वर्षं जादा त्या सावलीत बसून शिकला, आणि चांगला शिकला. हे चिमट्याला दिसत होतं. म्हणूनच तो बोलायचा थांबत नव्हता.

मग ती फोटोवाल्याची वीट आली.

बाजाराच्या टोकाला एकाचा स्टुडिओ होता. त्याची वीट दुरुस्त होऊन गेली आणि पुढच्याच आठवड्यात गावातला कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवशी तीनशे कामगार आवारात पायऱ्यांवर बसले, फोटोवाल्यानं त्यांचे फोटो काढले. ऊन कडक, म्हणून त्यानं सगळ्यात वेगाचा आकडा लावला. संध्याकाळी गेटला कुलूप लागलं, माणसं ज्या त्या वाटेनं पांगली. रीळ धुतलं तर प्रत्येक फोटोत डावीकडचे दीडशे हसतायत आणि उजवीकडे काळंकुट्ट.

असं का होतं हे कुठल्याही कारागिराला विचारा. विटेच्या आत दोन काळे कापडी पडदे एकामागून एक धावतात. दोघांच्या मधली फट फोटोवरून सरकत जाते, तेवढाच उजेड आत. मागच्या पडद्याची स्प्रिंग जास्त आवळली गेली, की तो वाटेतच पुढच्याला गाठतो. फट मिटते, उरलेला फोटो अंधारात.

फोटोवाला तणतणत दुकानात आला. कॅमेरा काउंटरवर ठेवला, पण पट्टा हातातून सोडला नाही.

"दीडशे माणसं गिळली तुमच्या दुकानानं. कुणी केलं हे काम?"

त्या आठवड्यात दोन्ही भावांच्या हातून चार-चार विटा गेल्या होत्या. चिमट्यानं मान वळवायचे कष्टही घेतले नाहीत.

"माझ्या हातची परत येत नाही. म्हणजे उरला कोण?"

"दादा, ही मी नाही केली," जादा म्हणाला. "झाकण काढून बघ ना. खूण असेलच की आत."

"मला बघायची गरज नाही."

"अरे पण दोन मिनिटांचं काम..."

"ह्या विटेला तुमच्यापैकी कुणाचाही हात आता लागणार नाही," फोटोवाला म्हणाला. "बघायचं ते मी कोर्टात दाखवीन." आणि त्यानं ती फडक्यात गुंडाळून नेली.

चिमट्यानं त्याच पावली, चार गिऱ्हाइकांदेखत, जादाला उठवलं. त्याची हत्यारं एका डब्यात भरून दाराबाहेर ठेवली. खरं तर त्या क्षणी त्याला मनापासून वाटत होतं की काम जादाचंच. एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं नाही. जादाचं लग्न ठरलेलं होतं. मुलीचा बाप खरं-खोटं करायला आला, तेव्हा चिमट्यानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "पोरगा स्वभावानं चांगला आहे. फक्त हात धड नाहीत." लग्न मोडलं.

जादा दोन गल्ल्या पलीकडे शिलाई मशीन दुरुस्त करायला लागला. राहायला मात्र त्याच घरात, मागच्या खोलीत. त्याचं दार वेगळं झालं. भावाभावांत शब्द नाही. नळाला पाणी येणार नाही, छपराचा पत्रा हलतोय, असले निरोप चिमट्याची बायको इकडून तिकडे पोचवायची. "मी काय पोस्टमन आहे?" ती म्हणायची, आणि पोचवायची. फोटोवाला काही कोर्टात गेला नाही. काळ्या अर्ध्यातले लोक भेटले की त्याला विचारायचे, "आम्ही कामावर नव्हतोच का रे?" दोन वर्षांत त्यानं स्टुडिओ मिटवला.

बावीस वर्षं गेली. चिमटा बासष्टचा झाला आणि त्याचा उजवा हात थरथरायला लागला.

आधी चहाची बशी वाजायची. मग चिमट्यात धरलेली स्प्रिंग उडायला लागली. ती पापणीच्या केसाएवढी. उडाली की गेली. चिमटा हात टेबलाला दाबून धरायचा, श्वास रोखायचा, शिव्या घालायचा. विटा साचत चालल्या. गिऱ्हाइकांना तो म्हणायचा, "घाई असेल तर मोबाइलवर काढा फोटो." गिऱ्हाईक ओशाळून परत जायचं. खरं काय ते फक्त बायकोला माहीत.

"भावजींना बोलवा," ती म्हणाली.

"त्या डावऱ्याला?"

"तुमचा उजवा काय दिवे लावतोय ते दिसतंय मला."

अशा दिवसांत एका सोमवारी तिशीची एक बाई दुकानात आली आणि तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं. आवाज ऐकूनच चिमट्याला कळलं, वीट.

"बाबा गेले दोन महिन्यांपूर्वी. त्यांचा इथे स्टुडिओ होता," ती म्हणाली. "कपाट आवरताना हे सापडलं. वर चिठ्ठी होती."

चिठ्ठीवर फोटोवाल्याचं अक्षर: 'कुणाचाही हात लावू देऊ नये. पुरावा.'

"पुरावा कसला, मला काही माहीत नाही," मुलगी म्हणाली. "मला आपलं नव्या घरात शोभेला ठेवायचंय. चालू झालं तर बरं, नाही झालं तरी चालेल."

चिमटा चिठ्ठीकडे बघत राहिला. आतल्या खोलीच्या पडद्याआड बायको उभी होती. पोस्टमनचं काम तिनं त्या दिवशी न सांगता केलं.

संध्याकाळी ती जादाचा निरोप घेऊन आली. "भावजी म्हणतात, गुरुवारी त्यांना सुट्टी असते. अकरा वाजता येतील. झाकण त्यांच्यासमोर उघडायचं, आणि त्या मुलीलाही बोलवायचं."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर काय ते सगळ्यांना कळेलच, असं म्हणाले." आत जाता जाता ती वळली. "अहो, बावीस वर्षं तो माणूस एका झाकणाची वाट बघतोय. रडत होते बोलताना."

"त्याला सांग, ये. येऊन स्वतःची फुली स्वतःच्या डोळ्यांनी बघ म्हणावं."

गुरुवारी सकाळी सहाला चिमटा दुकानात आला. दार आतून लावलं, दिवा पेटवला. आधी एकदा बघून ठेवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. फुली असणार याची त्याला खात्री होती. पण खात्री असलेला माणूस सहा वाजता दार लावून बसत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

स्क्रू सुटले, झाकण निघालं. उलटं करून त्यानं ते दिव्याखाली धरलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

त्रिकोण.

सरळ, रेखीव, तीन टोकं नेमकी जुळलेली. त्याचाच. शेजारी तारीख. तारीख वाचली आणि दिवस आठवला. मागचा पडदा जरा आळशी धावत होता. धुऊन-पुसून घ्यायला अर्धा दिवस गेला असता, म्हणून त्यानं स्प्रिंग दोन दाते जास्त आवळली होती. अशी आवळली की टीव्हीसमोर धरून तपासायचं असतं. विटेचं मागचं दार उघडून चालू टीव्हीकडे चाप दाबला, की पडद्यांमधली फट उजेडाच्या पट्ट्यासारखी दिसते; पट्टा तुटला तर काम चुकलं. दुकानातला जुना टीव्ही त्याचसाठी ठेवलेला. पण त्या दिवशी मॅच होती, आणि मॅच बघायला चिमट्यानंच टीव्ही उचलून घरात नेला होता. दोन दाते, एक मॅच. बस्स, एवढंच झालं होतं.

 अकरा वाजता काय होईल ते त्यानं डोळ्यांसमोर आणून पाहिलं. जादा भिंग लावील, त्रिकोण बघील, काही बोलणार नाही. नुसता वर बघील. त्या वर बघण्याची कल्पनाच चिमट्याला सहन होईना. त्यानं खण ओढला आणि बारीक कानस काढली.

त्रिकोण घासून काढायला दहा मिनिटं लागली. तिथे नवी फुली ओढायला दोन क्षण. जादाची खरी फुली कशी होती ते पाहायला मागच्या फळीवर डझनभर मयत होते, पण त्याला गरज वाटली नाही. फुली म्हणजे काय, दोन रेघा. मात्र ताजं पितळ चकाकतं. जुन्या तेलात पेन्सिलीचं शिसं कालवून त्यानं ते बोटानं चोळलं, पुसलं, पुन्हा चोळलं. बावीस वर्षांची मळी पाऊण तासात चढली. अडतीस वर्षांतलं इतकं सफाईचं काम दुसरं झालं नसेल. आणि गंमत बघा, त्या अख्ख्या वेळात हात एकदाही थरथरला नाही.

बायको चहा घेऊन आली तेव्हा झाकण जागेवर होतं. तिनं त्याच्या बाहीवरची पिवळी धूळ बघितली, मग त्याच्याकडे बघितलं, आणि कप ठेवून गेली.

अकराला जादा आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले, मुठीत स्वतःचं भिंग. दुकानाच्या उंबऱ्यावर तो क्षणभर अडखळला. मुलगी स्टुलावर बसून फोनवर कुणाशी तरी नव्या घराच्या पडद्यांच्या रंगाविषयी बोलत होती.

"बस," चिमटा म्हणाला. बावीस वर्षांतला पहिला शब्द.

"उभा आहे मी."

चिमट्यानं झाकण काढलं. ते जादाच्या हातात दिलं, स्वतः बघितलं नाही. "वाच. मोठ्यानं वाच, ह्यांनाही कळू दे."

जादानं भिंग लावलं. त्याच्या ओठांवर हसू तयारच होतं. बावीस वर्षं जपून ठेवलेलं. ते तसंच राहिलं आणि मग हळूहळू कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं विरघळलं.

"काय आहे?" चिमट्यानं विचारलं.

"फुली."

"कुणाची?"

 जादानं भिंग पुसलं, पुन्हा लावलं. डोळे भरून आल्यावर भिंग पुसून काय होणार? आणि स्वतःची सही कुणी तपासून बघतं का? ती फुली होती, तारीख बरोबर होती, आणि रात्री-अपरात्री कधीतरी त्याच्याही मनात येऊन गेलेलंच होतं, की आपल्याच हातून झालं असेल तर?

"मीच केलं होतं मग," तो म्हणाला. "दादा, मला आठवतच नाही रे. मी शपथेवर सांगत होतो सगळ्यांना. मला खरंच वाटत होतं..."

"वाटायला काय जातंय."

"मी बावीस वर्षं तुझ्याशी बोललो नाही."

"मला त्रास नव्हता."

जादानं मुलीपुढे हात जोडले. "ताई, तुमच्या बाबांचा स्टुडिओ माझ्यामुळे बंद पडला."

मुलीनं फोनवर हात ठेवला. "काय? अहो नाही हो, त्यांचा तसाही चालत नव्हता." आणि ती पुन्हा पडद्यांकडे वळली.

इथे चिमट्याला गप्प बसता आलं असतं. पण त्याच्या जिभेला अशी संधी सोडायची सवय नव्हती. "झालं गेलं," तो म्हणाला. "मी मोठा आहे, माफ केलं. मोडलेल्या लग्नाचं खापरही माझ्यावर फोडत होतास म्हणे, तेही माफ. बस आता टेबलाशी आणि निस्तर आपली घाण. आणि ह्या खेपेला स्क्रू मोजून घे, जादा."

जादा बसला. डोळे पुसले, दिवा उजव्या अंगाला येईल असं फिरून बसत स्वतःची सावली बाजूला केली, आणि चार तासांत वीट चालू केली. हात असे, की चिमट्याला बघवेना. मुलगी म्हणाली, पडदे लागल्यावर पुढच्या आठवड्यात घेऊन जाते.

दुसऱ्या दिवसापासून जादा शिलाई मशीनचं काम सोडून दुकानात यायला लागला. बोलायचा नाही. खालमानेनं साचलेल्या विटा एकेक करून उठवायचा. चिमटा काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "भाऊ आहे. चुकला होता. घेतला परत." बायको दोघांना चहा द्यायची. जादाला देताना तिच्याच हातातली बशी वाजायची.

मंगळवारी जादाला मागच्या पडद्याची एक स्प्रिंग हवी होती. तो फळीवरचा एक मयत घेऊन आला आणि त्यानं झाकण काढलं.

चिमटा बाहेरून येऊन बघतो, तर टेबलावर दोन झाकणं शेजारी-शेजारी उताणी. एक मयताचं, एक फोटोवाल्याच्या विटेचं. जादा भिंग लावून बसलेला. बायको आतल्या दाराशी.

"दादा, ये. गंमत दाखवतो."

"काम कर."

"हीच कामाची गोष्ट आहे. बघ ना, ही मयतातली फुली. पंचवीस वर्षांपूर्वीची माझी. दोन्ही रेघा डावीकडे झुकलेल्या. मी सुई डाव्या हातात धरतो ना, माझ्या सगळ्या अशाच पडतात. आता आणखी चार मयत उघडले मी. सगळ्या अशाच." त्यानं दुसरं झाकण पुढे सरकवलं. "आणि ही बघ. काय सरळ आहे! एवढी सरळ रेघ मला आयुष्यात जमली नाही. तूच म्हणायचास."

 थरथरणारा हात चिमट्यानं खिशात घातला. खिसा थरथरायला लागला.

"खालचं पितळही जरा खोलगट लागतंय बोटाला," जादा म्हणाला. "काय होतं रे तिथे?"

"तू आता बाजारभर सांगत सुटणार," चिमटा म्हणाला.  "सांग. जा, सांग जा."

"मी? छे! आणि जाऊ कुठे? मशीनचं काम सोडून आलोय मी." जादानं झाकण उचललं, हळुवार जागेवर बसवलं आणि स्क्रू आवळला. डाव्या हातानं. "फुली माझीच आहे, दादा. तू माफ केलंस ना? मग झालं तर."

चिमट्यानं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? आता तुमचे निरोप तुम्हीच द्या," आणि आत गेली.

तेव्हापासूनचा दुकानातला शिरस्ता असा आहे. दिवा डावीकडच्या भिंतीतून काढून उजवीकडे ठोकलाय. टेबलाशी जादा बसतो. चिमटा शेजारी बसून स्क्रूंची बशी धरतो, बशी वाजते. गिऱ्हाईक आलं की जादा अगदी मायेनं सुरुवात करतो.

"बसा हो. तुमची वीट होते चार दिवसांत. आमच्या दादाच्या दुकानातली परत येत नाही. एकदाच आली होती. माझ्या हातची!" मग कारखाना, तीनशे माणसं, काळं झालेलं अर्धं. गोष्ट रोज थोडी वाढते. आता तिच्यात जादाचं मोडलेलं लग्न आलंय, मुलीच्या बापाला पाजलेला चहा आलाय, त्या मुलीला पुढे झालेली तीन मुलं आलीत. त्यांची नावंसुद्धा जादा सांगतो. "एवढं करूनही दादानं मला पदरात घेतलं," तो म्हणतो. "शब्दानं बोलला नाही."

मागच्या आठवड्यात तेच रिटायर झालेले मास्तर आले होते. त्यांची वीट अजून चालत होती आणि तेही. सगळं ऐकून त्यांचे डोळे पाणावले.

"मोठं मन आहे हो तुमचं," ते चिमट्याला म्हणाले.

"असू द्या," चिमटा पुटपुटला.

"असू द्या काय? दादा, सांग ना त्यांना नीट," जादा भिंगातून मान वर न करता म्हणाला. "झाकण उघडलं तेव्हा आत काय होतं?"

चिमट्यानं बशी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"फुली."

"कुणाची?"

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला. मास्तर वाट बघत होते.

"तुझी," चिमटा म्हणाला.

"ऐकलंत?" जादा म्हणाला, आणि डावा हात पुढे केला. "आण, स्क्रू दे. नीट बघून दे हं, दादा. एक जरी उरला, तर लोक काय म्हणतील?"